एका ओळीची आंघोळ

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६
फ्रीमाँट

टण्.

तांब्या घंगाळाच्या काठाला लागला की असा आवाज व्हायचा. आज पहाटे जाग आली ती त्याच आवाजानं. खाली येऊन बघतो तर सूनबाईंनी, म्हणजे चैत्रालीनं, डिशवॉशर लावलेला आणि त्यात कुठलीशी वाटी ताटलीवर आपटत होती. पण तोवर मी अर्धवट झोपेत कऱ्हाडच्या न्हाणीघरात जाऊन आलो होतो. बंबातलं पाणी कढत, धुरानं डोळे चुरचुरताहेत आणि दाराबाहेरून आईचा प्रश्न, "विसण हवंय का रे?" कढत पाण्यात घालायचं गार पाणी, ते विसण. पुढं आईच्या जागी मालिनी आली. प्रश्न तोच राहिला, 'रे'च्या जागी 'अहो' आलं. बंब गेला, गीझर आला, नळालाच गार आणि गरम दोन्ही आलं, तरी ती दाराबाहेरून विचारायचीच. मी आतून "नको" म्हणायचो. मागच्या वर्षी ती गेली तेव्हापासून कुणी विचारत नाही आणि मीही "नको" म्हणत नाही.

असो. आजची गोष्ट लिहायची आहे, आणि ती मोठी आहे.

दुपारी जेवताना आन्या रडवेली झाली होती. आन्या म्हणजे माझी नात, प्रसादची मुलगी. युनिव्हर्सिटीत वाळवंटातल्या कासवांचा अभ्यास करते. थंडी पडायच्या आत कासवं बिळात जातात, ती कधी जातात हे तिला बघायचं आहे. सोमवारी लॅबच्या आरव्हीतून, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून, मोहावीच्या वाळवंटात जायचं ठरलेलं, आणि सोबत जाणाऱ्या नकुलनं काल बास्केटबॉल खेळताना घोटा मोडून घेतला. लॅबचा नियम असा की फील्डवर एकट्यानं राहायचं नाही. दुसरं कुणी मिळेना.

"सीझन गेला की वर्षच गेलं," ती म्हणाली.

मी आमटीत भात कालवत होतो. हात न थांबवता म्हटलं, "मी येतो."

प्रसाद हसला. "बाबा, तिथे हुकअप नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे नळ नाही, लाइट नाही, ड्रेनेज नाही. गाडीच्या टाकीत असेल तेवढंच पाणी. तुम्ही इथे अर्धा अर्धा तास शॉवर घेता. तुमच्या एका आंघोळीत टाकी रिकामी होईल!"

मला लागलं, कारण ते खरं आहे. शॉवरखाली मी शाळेतल्या कविता म्हणतो. टाइल्समध्ये आवाज असा घुमतो की सत्तरीतला गळा सतरा वर्षांचा वाटतो. साबण डोळ्यांत जातो, डोळे लाल होतात, मग ते धुण्यात आणखी वेळ. बाहेर येतो तेव्हा प्रसाद बहुतेक वेळा पॅसेजमध्येच असतो, कार्पेटवर बसलेला, मांडीवर लॅपटॉप. बोलत नाही काही. माझ्या तोंडाकडे एकदा बघतो आणि ऑफिसला निघून जातो. पाणी वाया गेलेलं त्याला सहन होत नाही, लहानपणापासूनच. कऱ्हाडला नळाला तोटी नव्हती तेव्हा चिंधी कोंबून बसायचा.

"एका तांब्यात आंघोळ करून दाखवतो," मी म्हणालो.

"बाबा, हट्ट करू नका. तुमचं वय काय, ते वाळवंट काय."

तेव्हा आन्यानं डोळे पुसले. "डॅड, रूलमध्ये एज नाही लिहिलं. फक्त 'सेकंड पर्सन' लिहिलंय. ही इज अ पर्सन!"

सेकंड पर्सन. आमच्या व्याकरणात द्वितीय पुरुष. बाहत्तराव्या वर्षी मला पद मिळालं.

चैत्राली म्हणाली, "पण शनिवारी दिवाळीची पहिली आंघोळ आहे. तुम्ही दोघंही नसणार?" त्यावर प्रसाद उठून ताट ठेवायला गेला आणि बराच वेळ सिंकपाशीच उभा राहिला. नळ मात्र चालू नव्हता.

सोमवार, १६ ऑक्टोबर
मोहावी

पोचलो. बारस्टो सोडल्यावर डांबरी रस्ता संपला, मग खडीचा, मग नुसत्या चाकोऱ्या. दिवसभर आन्याच गाडी चालवत होती आणि मी नकाशा उलटा धरून तिला वाट दाखवत होतो.

केवढी ही मोकळी जागा! शाळेत 'अफाट' हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल. अर्थ आज कळला.

संध्याकाळी आन्यानं मला सगळं समजावलं. गाडीच्या पोटात स्वच्छ पाण्याची एक टाकी आहे. आंघोळीचं-भांड्यांचं मळकं पाणी दुसरीत जातं, संडासाचं तिसरीत. भिंतीवर एक पट्टी आहे, तिचं बटण दाबलं की टाकीत किती उरलंय ते दिव्यांनी कळतं. नळ उघडला की पंप घुर्रर्र करतो, म्हणजे पाणी चोरून वापरायची सोय नाही. शिवाय पायरीखाली मोठा निळा कॅन आहे, तो राखीव.

"शॉवर असा घ्यायचा, आजोबा. ओला हो. बंद कर. साबण लाव. उघड, धू, बंद. डन."

"आणि किती वेळ उघडा ठेवायचा?"

"ॲज शॉर्ट ॲज पॉसिबल."

हे काही माप झालं नाही. माप लागेल.

प्रसादचा फोन इथं लागत नाही. आपत्तीसाठी लॅबचा एक जाडजूड फोन आहे, तो कपाटात. आपण कुठं आहोत त्या जागेचे आकडे आन्यानं घरच्या फ्रिजवर चिकटवले आहेत म्हणे. नियम आहे.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

माप सापडलं!

सकाळी पहिला प्रयत्न पार फसला. नळ उघडला तर आधी बर्फासारखं पाणी. ते जाऊन गरम येईपर्यंत मी कोपऱ्यात अंग चोरून उभा, आणि तेवढ्यात तांब्यांवर तांबे पाणी जाळीतून खाली. आन्या दार वाजवतेय, "आजोबा, पंप ऐकू येतो मला!" मी घाईनं बंद केलं तर अंगभर साबण. पुन्हा उघडलं तर पुन्हा गार. बाहेर आलो तेव्हा पट्टीवरचा एक दिवा कमी झाला होता. प्रसाद इथं नव्हता हे बरं झालं.

दिवसभर मन खात होतं. दुपारी गाडीच्या सावलीत बसलो असताना आठल्ये मास्तर आठवले. आम्हाला वृत्तं शिकवायचे. लघू-गुरू तोंडानं सांगायचे नाहीत, बाकावर पंजा आपटून घ्यायचे. लगागा लगागा लगागा लगागा. भुजंगप्रयात. अख्खा वर्ग बाकं बडवायचा आणि शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन उभ्या राहायच्या. मास्तर म्हणायचे, "घड्याळ बंद पडेल, वृत्त बंद पडत नाही."

मग काय! लगेच रचली:

पुरे शॉवराचे तुझे लाड आता
जरासे भिजोनी नळा बंद ठेवी
उटी साबणाची मला चोळु दे रे
पुन्हा एक ओळीत सारे धुवावे

पहिल्या ओळीला नळ चालू. दुसरी ओळ संपायच्या आत बंद. तिसरी पाहिजे तितक्या वेळा म्हणावी, साबण लागेपर्यंत, कारण तेव्हा पाणी नाही. चौथ्या ओळीला धुऊन मोकळं. फार मळ असला तर चौथी दोनदा. काव्य म्हणून हे भिकार आहे, मास्तरांनी कान पिळला असता. पण एकही मात्रा चुकलेली नाही.

आणि दुसरी गोष्ट. सुरुवातीचं ते गार पाणी वाया का घालवायचं? निळी बादली आणून नळाखाली धरायची. ते पाणी म्हणजे दुसरं काय आहे? विसण! गरम पाणी इतकं कढत येतं की त्यात काहीतरी घालावंच लागतं. मालिनीचा तांब्या मी बॅगेत घालून आणलाच होता. प्रसाद म्हणत होता, हे कशाला?

आन्याला सांगितलं. तिनं शब्द दोनदा घोळवला. "व्ही-सण. कोल्ड वॉटर यू ॲड टु हॉट वॉटर. त्याला एक होल वर्ड आहे?"

"आहे."

"कूल," ती म्हणाली आणि आपल्याच विनोदावर हसली.

संध्याकाळी तिच्याबरोबर कासव बघायला गेलो. त्याच्या पाठीवर लहानसं यंत्र चिकटवलेलं, ती हातात अँटेना धरून त्याची टिकटिक ऐकत जाते. चाकोरीच्या मधोमध बसलं होतं. गाडीखाली येईल म्हणून उचलायला वाकलो तर आन्या ओरडली, "नो! हात नको लावू!"

मी दचकलो.

"सॉरी. तो घाबरला ना, की सगळं पाणी सोडून देतो. पोटात साठवलेलं असतं, लाँग टाइम पुरतं. ते गेलं की तो वाचत नाही. म्हणून जवळ फक्त बसायचं, त्याला वाटेल तेव्हा तो जाईल."

आम्ही बसलो. बऱ्याच वेळानं ते उठलं आणि गेलं. शहाणा प्राणी. आन्याचं हे बसणं, वाट बघणं कुणाकडून आलं कोण जाणे. प्रसादला तर पाच मिनिटं स्वस्थ बसवत नाही.

बुधवार, १८ ऑक्टोबर

लिहायला लाज वाटते. पण इथं खोटं लिहून कुणाला फसवायचं?

आन्या झोपलेली असताना उठलो. फ्रीमाँटला मी रोज करतो तेच केलं. मालिनी करायची तेच. कालचं पाणी ते शिळं. सकाळी उठून ते झाडांना घालायचं, भांडं विसळायचं, ताजं भरायचं. पायरीखालचा निळा कॅन उघडला. म्हटलं हा तर फ्रीमाँटहून भरलेला, किती दिवसांचं शिळं! समोर एक वाळकं झुडूप होतं, बिचारं. सगळं त्याच्या मुळाशी घातलं. कॅन ओढत नेला, उलटा केला, शेवटचा थेंबसुद्धा झटकला. बरं वाटलं. तोंडात श्लोक होता.

मग रिकामा कॅन घेऊन भरायला निघालो. चार पावलं गेलो आणि उभा राहिलो. नळ शोधत होतो मी. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत वाळवंट, आणि मी हातात कॅन घेऊन नळ शोधत होतो.

आन्या उठेपर्यंत तिथंच पायरीवर बसलो.

"आजोबा, व्हॉट हॅपन्ड?"

"मी राखीव पाणी ओतून टाकलं."

"सांडलं?"

"नाही. ओतलं. शिळं झालं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "पाणी... शिळं होतं? लाइक पोळी?"

"हो."

मला वाटलं रागावेल. तिनं झुडपाकडं बघितलं, कॅनकडं बघितलं, आणि अशी हसत सुटली की वाळूतच बसली. मग हसणं थांबलं आणि ती आत जाऊन पट्टीचं बटण दाबून आली. चेहरा उतरला होता.

"आपण आता शुक्रवारपर्यंत टिकू. मग टाउनला जावं लागेल."

"जाऊन येऊ की."

"गाडी ही एकच आहे. जायला-यायला दिवस जातो आणि मॉर्निंगचं रीडिंग चुकतं. बाकीची सगळी बिळात गेली, फक्त कालचा तो राहिलाय. तीन सकाळी सलग एकाच बिळात सापडला तरच प्रोफेसर धरतात. मंडेला परमिट संपतंय."

म्हणजे माझ्या शिळ्या पाण्यापायी पोरीचं वर्ष. प्रसाद म्हणेल, मी सांगितलं होतं. तो म्हणणार नाही, पण माझ्या तोंडाकडे बघेल. ते जास्त वाईट.

ठरवलं. आज बुधवार. आपण गाडी हलवायची नाही. शनिवारपर्यंत माझी आंघोळ बंद. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, बस. मुंजीनंतर आंघोळ चुकवल्याचं मला आठवत नाही, तापातसुद्धा मालिनी अंग पुसून "झाली आंघोळ" म्हणायची. तेव्हा तसंच समजायचं.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

कासव बिळात गेलं! आन्या लांबून धावत आली. पहिली सकाळ मिळाली, आता उद्याची आणि परवाची.

जेवण म्हणजे पोळीची गुंडाळी, ताट नाही, धुणं नाही. कुकरच्या तळचं पाणी भाजीला. हात पुसायला ओलं फडकं, तेच दुपारी माझ्या अंगाला. मळकं पाणी संडासात ओतायचं, म्हणजे तिथं स्वच्छ पाणी लागत नाही. आन्या म्हणते, "आजोबा, यू आर स्केअरी."

आंघोळ फक्त तिची. उन्हात वणवण करते ती. आतून तिचा आवाज येत होता, आणि कानांवर विश्वास बसेना. "पुरे शावराचे तुझे लाड आत्ता..." उच्चार पार अमेरिकेतले, पण लगागा पक्कं. पंप पहिल्या ओळीला सुरू, दुसरीच्या मध्यावर बंद. चौथीला पुन्हा सुरू, बंद. मास्तर असते तर बाक बडवला असता. मी पायरी बडवली.

बाहेर आली तेव्हा बादलीत गार पाणी धरून आणलं होतं, झाकून ठेवलं. "युअर व्हीसण, सर."

आता गंमत अशी की मी आंघोळ करत नसल्यामुळे माझं कविता म्हणणंही बंद झालंय. दुपारी गाडीत एकटाच होतो. मालिनी कशी विचारायची ते मोठ्यानं म्हणून बघितलं. "अहो, विसण हवंय का?" तिच्यासारखं येईना. शेवटचा 'का' ती जरा वर न्यायची की खाली? आठवेना. साबण नव्हता, तरी डोळे चुरचुरले. वाळू असावी.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

दुसरी सकाळ मिळाली. कासव त्याच बिळात.

पण दुपारी पट्टीवर एकच लाल दिवा उरला. आन्यानं गाडीची किल्ली हातात घेतली.

"आजोबा, चल. बास झालं."

"उद्याची सकाळ राहिलीय."

"तू तीन दिवस आंघोळ नाही केली. ओठ फुटलेत तुझे. डॅड मला मारेल."

"प्यायच्या बाटल्या वेगळ्या आहेत, त्या पुरतील. लाल दिवा म्हणजे कमी, रिकामं नव्हे. नळ उघडायचाच नाही. ही बघ बादली." मी झाकण काढून दाखवलं. तिच्या आंघोळींच्या सुरुवातीचं पाणी, थेंब थेंब जमवलेलं. "एवढ्यात उद्या दोन आंघोळी होतात. किटलीत थोडं कढत करायचं, उरलेलं विसण. आधी तुझी, मग माझी. उद्या दिवाळी आहे. मी तुला पारोसं बसू देणार नाही."

"पारोसं व्हॉट?"

"बिनाआंघोळीचं."

तिनं किल्ली टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरच. "तू हे माझ्यासाठी करतोयस, की डॅडला दाखवायला?"

मी खरं सांगितलं. "आधी त्याला दाखवायला होतं. पाणी वाया घालवतो म्हणून तो रोज माझ्यावर पहारा ठेवतो ना. ते कॅनपासून तुझ्यासाठी झालं."

"पहारा म्हणजे?"

"राखण. बाथरूमबाहेर बसून."

ती हळूच म्हणाली, "आजोबा, डॅड तिथे का बसतो, यू रिअली डोन्ट नो?"

"पाणी. दुसरं काय? बाहेर आलो की बघतो माझ्याकडे, किती वेळ लागला म्हणून."

"त्यानं ऑफिसच्या सगळ्या मॉर्निंग मीटिंग्ज पुढे ढकलल्यात. लास्ट इयरपासून."

"बघ! इतका विचार करतो पाण्याचा."

आन्यानं माझ्याकडे बघितलं. मंगळवारी कासवाकडे बघत होती तसं. जवळ येऊन बसली, हात लावला नाही. बराच वेळ आम्ही तसेच बसलो. मग उठली आणि किल्ली कपाटात टाकून आली.

"ओके, सेकंड पर्सन. वी स्टे."

शनिवार, २१ ऑक्टोबर

नरक चतुर्दशी.

आकाश नुसतं करडं झालं होतं तेव्हा आन्याला उठवलं. "आजोबा, सीरियसली?" म्हणत उठली. चैत्रालीनं तेलाची बाटली आणि उटण्याची पुडी दिली होती. पायरीवर बसवून तिच्या डोक्याला तेल घातलं. थंडीनं कुडकुडत होती. आज तीन वर्षांची असतानाची तिची टाळू आठवली. आत स्टोव्हवर किटली, शॉवरच्या खणात बादली, तांब्या. मी बाहेर दाराशी उभा. आतून आवाज आला, "आजोबा, टू हॉट!"

आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "विसण हवंय का गं?"

म्हटल्यावर मीच चमकलो. 'का' वर जातो! मालिनीचा 'का' वर जायचा. परवा दुपारी ओढून ओढून येत नव्हता तो आज आला.

"येस प्लीज!"

पणती नव्हती, टॉर्च उभा करून ठेवला आणि त्याच्या उजेडात दोघांनी एकेक बेसनाचा लाडू खाल्ला. ऊन यायला आणि ती अँटेना घेऊन निघायला एकच गाठ पडली. आमची खूण ठरली होती. कासव बिळात असलं तर टेकाडावरून दोन्ही हात वर, नसलं तर एक.

मी पायरीवर बसून डोळे ताणत होतो. टेकाडावर ती टाचणीएवढी दिसत होती. किती तरी वेळ हललीच नाही. मग दोन्ही हात वर गेले. आणि मग ती वेड्यासारखी उड्या मारायला लागली, तेही लांबून दिसलं.

मी मोठ्यानं काय ओरडलो आठवत नाही. आसपास कुणी नव्हतं ते बरं.

आता माझी पाळी. तीन दिवसांचा मळ, आणि एकच आंघोळ उरलेली, मापातली. तेल लावलं. किटली ठेवली. पंप नाही, नळ नाही, म्हणजे ओळींची घाई नाही. म्हटलं आज भुजंगप्रयात नको. आज शार्दूलविक्रीडितच! लांबलचक ओळ, मधे थांबायला जागा, चांगल्या घरचं वृत्त. एकेका तांब्याला एकेक चरण. टॉवेल खांद्यावर टाकला, कढत पाणी बादलीत ओतणार, एवढ्यात दार वाजलं.

आन्या दार वाजवत नाही, ओढून आत येते. आणि ती अजून टेकाडावरून उतरलेली दिसत नव्हती. मी किटली खाली ठेवली.

दार उघडलं तर प्रसाद.

पापण्यांपर्यंत धूळ. बूट हातात, मोजे वाळूनं भरलेले, काखेत फराळाचा डबा. रात्रभर गाडी चालवून आला होता आणि अलीकडच्या चाकोरीत ती रुतली, तिथून चालत. मी त्याला असा शेवटचा पाहिला तेव्हा तो सहावीत होता, नदीवरून आलेला.

"तू? तुझ्या त्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं ना ऑफिसात? आन्या ठीक आहे, कासव मिळालं, तीनही सकाळी..."

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे. एक राखीव कॅन माझ्या हातून गेला, पण टाकीत अजून आहे. पट्टी बघ हवी तर. लाल दिवा म्हणजे रिकामं नव्हे."

त्यानं पट्टीकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, पॅसेजमध्ये बघतो तसाच. माझे डोळे आज लाल नव्हते.

"सकाळी घर फार गप्प असतं, बाबा," तो म्हणाला. "शॉवर नाही, कविता नाही. मी रोज तिथे जाऊन बसतो. मग कळतं, की तुम्ही आत नाही आहात." आणि मान खाली घालून मोजे झटकायला लागला. "आईनंतर इतकं गप्प..."

पाण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही त्यानं. मला नवल वाटलं.

मी त्याच्याकडे बघितलं. केसांत वाळू, मानेवर घामाच्या रेघा. दिवाळीची पहाट उलटून ऊन वर आलं होतं आणि माझा मुलगा पारोसा दारात उभा होता. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या खांद्यावर टाकला. तेलाची बाटली हातात दिली. तो टॉवेल धरून तसाच उभा.

"बाबा, पाणी तुमच्यापुरतंच असेल ना?"

मी त्याला शॉवरच्या खणात ढकललं, किटली बादलीत ओतली, मालिनीचा तांब्या हातात दिला आणि दार ओढून घेतलं. मग बाहेर, दाराला पाठ टेकून, खाली जमिनीवर बसलो.

आत पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला. मग दुसरा आला नाही. बराच वेळ आला नाही.

मी दारावर बोट वाजवलं.

"प्रसाद, विसण हवंय का रे?"